पहिल्या दिवसाचं हृदय, सातव्या दिवसाचं हृदय : प्रोटीन मोजून काय कळतं?

मंजिष्ठा | सोमवार, रात्री १०:५२

परवा मामेबहिणीचा फोन आला, तिच्या सासऱ्यांना जानेवारीत अटॅक येऊन गेलाय, अँजिओप्लास्टी झाली, घरी आले, पण हृदयाचं पंपिंग कमी झालंय असं डॉक्टरांनी सांगितलंय. तर ती म्हणाली, तू त्या प्रोटीनच्या मशीनवर काम करतेस ना गं, मग सांग, मेलेला हृदयाचा स्नायू परत वाढतो का? कोणीतरी तिला स्टेम सेलचा (ज्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशींचा) व्हिडिओ पाठवला होता. फोनवर मला नीट सांगताच आलं नाही आणि नंतर दोन दिवस तेच डोक्यात फिरत राहिलं, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही. नऊ वर्षं प्रोटिओमिक्समध्ये आहे, म्हणजे पेशीत आणि पेशींच्या आजूबाजूला कुठली प्रोटीन्स आहेत, किती आहेत, कधी वाढतात कधी घटतात हे मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजायचं काम.

आधी वाईट बातमी. मोठ्या माणसाच्या हृदयाच्या स्नायूपेशी जवळजवळ नव्याने तयार होतच नाहीत. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या लोकांनी २००९ मध्ये हे मोजलं, आणि कसं मोजलं तर १९५०-६० च्या काळात उघड्यावर ज्या अणुचाचण्या झाल्या त्यामुळे हवेतला कार्बन-१४ एकदम वाढला आणि १९६३ च्या करारानंतर उतरत गेला, आता पेशी ज्या साली जन्मते त्या सालच्या हवेतला कार्बन तिच्या डीएनएत बसतो, त्यावरून पेशीचं वय निघतं. उत्तर आलं की पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का पेशी बदलतात आणि पंच्याहत्तरीत ०.४५ टक्का. एका मोठ्या अटॅकमध्ये १०० कोटीपर्यंत पेशी मरू शकतात. हा हिशोब जुळत नाही, तिथे मग जखमेचा कडक व्रण तयार होतो, तो आकुंचन पावत नाही.

आता दुसरी बाजू. झेब्राफिश नावाचा बोटाएवढा मासा, आपल्याकडच्या गंगेच्या खोऱ्यातला, आता जगभरच्या लॅबमध्ये आहे. त्याच्या हृदयाच्या जवनिकेचा (रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याचा) २० टक्के भाग कापला तरी दोन महिन्यांत तो परत भरून येतो, हे २००२ मध्ये दाखवलं गेलं. आणि मग २०११ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासच्या एका गटाने उंदराच्या पिल्लांवर तसंच करून बघितलं. एक दिवसाच्या पिल्लाचं हृदय तीन आठवड्यांत भरून आलं, तेच सात दिवसांच्या पिल्लाला केलं तर व्रण राहिला. सस्तन प्राण्यालाही ही ताकद असते, फक्त आठवडाभर असते.

मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा झोप लागली नव्हती. कारण बघा ना, पहिल्या दिवसाचं पिल्लू आणि सातव्या दिवसाचं पिल्लू, दोघांच्या डीएनएत काडीचाही फरक नाही. मग त्या सहा दिवसांत काय निघून जातं?

इस्रायलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या एल्दाद त्झाहोर यांच्या गटाने याचं उत्तर शोधताना पेशी बाजूला ठेवल्या आणि पेशींच्या मधली जागा बघितली. पेशी ज्या जाळ्यात बसलेल्या असतात, कोलॅजन, लॅमिनिन, फायब्रोनेक्टिन अशा प्रोटीन्सचं जाळं, त्याला मॅट्रिक्स म्हणतात. त्यांनी एक दिवसाच्या आणि सात दिवसांच्या हृदयांतून पेशी धुऊन टाकल्या, नुसतं मॅट्रिक्स ठेवलं आणि त्याचे तुकडे डिशमधल्या हृदयपेशींना दिले. पहिल्या दिवसाच्या मॅट्रिक्सवर पेशी विभाजनाकडे वळल्या. सातव्या दिवसाच्या मॅट्रिक्सवर तितक्या नाही. म्हणजे जे काही निघून जातं ते, निदान थोडं तरी, या जाळ्यात आहे.

मग दोन्ही मॅट्रिक्स मास स्पेकवर गेली, दोन याद्या समोरासमोर ठेवल्या, आणि पहिल्या दिवसाकडे जास्त आणि सातव्याकडे कमी अशांमधून एक नाव पुढे आलं, अग्रिन. हे २०१७ ला नेचरमध्ये आलं. अग्रिन तसं जुनंच प्रोटीन. १९८० च्या दशकात विजेचा झटका देणाऱ्या इलेक्ट्रिक रे माशातून वेगळं केलेलं, मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात तिथे रिसेप्टर (निरोप पकडणारी प्रोटीन्स) एका जागी गोळा करणं हे त्याचं माहीत असलेलं काम, नावही त्यावरूनच. हृदयाशी त्याचा संबंध लावायचं कुणाच्या मनात येण्याचं कारण नव्हतं. यादीने ते समोर आणलं, आणि म्हणून मला ही पद्धत इतकी आवडते.

नंतर त्यांनी उलटही करून बघितलं, ज्या पिल्लांच्या हृदयात अग्रिन बनू दिलं नाही त्यांचं हृदय नीट भरून आलं नाही. आणि मोठ्या उंदरांना अटॅकसारखी इजा करून अग्रिनचं एक इंजेक्शन हृदयात दिलं तर व्रण लहान राहिला, काम सुधारलं. २०२० मध्ये डुकरांवरही चांगला परिणाम दिसला. माणसासाठी मान्यता मिळालेलं असं औषध आज नाही, हे मी बहिणीला सांगितलं आणि इथेही स्पष्ट लिहिते.

लिहायला खूप आहे, पण आज इथेच थांबते, उद्या सकाळी ६ ला मशीनवर सँपल लावायचंय.

सदूभाऊ | मंगळवार, सकाळी ७:१५

मंजिष्ठाताई, खूप छान लिहिलंत, वाचताना चहा गार झाला. माझी स्वतःची २०१९ ला बायपास झालीय त्यामुळे जरा जास्तच मन लावून वाचलं. एक शंका. मशीन प्रोटीन ओळखतं म्हणजे नेमकं काय करतं? फोटो काढतं का? आणि ते पंपिंगचं अग्रिनमुळे पेशी वाढून सुधारलं का दुसऱ्या कशाने?

पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

मंजिष्ठा | मंगळवार, दुपारी २:३०

सदूकाका, दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते कारण तो फार नेमका आहे. मोठ्या उंदरांत नुसत्या नव्या पेशींच्या संख्येवरून ती सुधारणा पूर्ण समजत नाही, अग्रिन बऱ्याच बाजूंनी काम करतं असं त्या गटाचंही म्हणणं आहे. पेशीच्या आत जे झालं ते असं, स्नायूपेशीच्या कडेला डिस्ट्रोग्लायकन आणि त्याच्या सोबतच्या प्रोटीन्सचा एक जुडगा असतो, तो पेशीचा आतला सांगाडा बाहेरच्या मॅट्रिक्सला बांधून ठेवतो. पिल्लू मोठं होतं तशी ही बांधणी घट्ट होत जाते आणि याप नावाचं प्रोटीन तिथेच अडकून पडतं. अग्रिन डिस्ट्रोग्लायकनला चिकटलं की ही बांधणी सैल होते, याप सुटतं, केंद्रकात जातं आणि विभाजनाचे जीन्स चालू करतं. याच जुडग्यातलं डिस्ट्रोफिन नावाचं प्रोटीन ज्या मुलांत बनत नाही त्यांना ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू झिजत जाण्याचा आजार होतो, म्हणजे ही बांधणी कायमची तोडून चालणार नाही, थोडा वेळ सैल करायची आहे.

आता मशीन. फोटो नाही, वजन. अख्खं प्रोटीन मोठं असतं म्हणून आधी त्याचे तुकडे करतो, त्यासाठी ट्रिप्सिन टाकतो, आपल्या आतड्यात अन्न पचवणारं तेच एन्झाइम. त्याची खोड अशी की ते लायसिन आणि आर्जिनिन या दोनच अमिनो आम्लांच्या पुढे कापतं, दुसरीकडे सहसा नाही, त्यामुळे कुठल्या प्रोटीनचे कुठे तुकडे पडणार हे आधीच माहीत असतं. रात्रभर ३७ डिग्रीला ठेवायचं, सकाळी तुकडे साफ करायचे, केसासारख्या बारीक कॉलममधून हळूहळू सोडायचे, टोकाला हजारो व्होल्टचा दाब देऊन त्यांचा फवारा करायचा आणि ते भारित तुकडे मशीनमध्ये उडतात. मशीन आधी तुकड्याचं वजन बघतं, मग त्याला फोडून त्या फुटक्या भागांची वजनं बघतं, त्यावरून अमिनो आम्लांचा क्रम जुळतो आणि कॉम्प्युटर सांगतो की हा तुकडा अमुक प्रोटीनचा.

चुकून जुळलं तर? याची एक युक्ती आहे जी मला मनापासून आवडते. खऱ्या प्रोटीन्सच्या यादीसोबत आपण तेच क्रम उलटे करून एक खोटी यादीही देतो. खोट्या यादीतली नावं सँपलमध्ये असणं शक्यच नाही, तरी काही जुळतातच, त्यावरून किती चुका होतायत ते कळतं आणि १ टक्क्याच्या वर चूक गेली की तिथे रेघ मारून खालचं सगळं टाकून देतो.

आणि हो, हा फवारा प्रकार शोधणारे जॉन फेन आणि लेसरने प्रोटीन उडवण्याची रीत काढणारे कोइची तनाका या दोघांना २००२ ला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तनाका क्योटोच्या शिमाद्झू कंपनीतले इंजिनिअर, पीएचडी नाही. १९८५ मध्ये चुकून ॲसिटोनऐवजी ग्लिसरीन कोबाल्टच्या पावडरीत पडलं, पावडर महाग होती म्हणून टाकून न देता त्यांनी तेच मिश्रण वापरून बघितलं. आमच्या लॅबमध्ये नवीन मुलं आली की मी त्यांना ही गोष्ट सांगतेच.

पाटील_गुरुजी | मंगळवार, रात्री ९:०५

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. विज्ञानाचा तसा अभ्यास नाही पण वाचून मला जे समजलं ते सांगतो, चुकलं तर सांगा. आमच्याकडे २०११ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर पटपडताळणी झाली होती, शाळेच्या हजेरीपटावर किती नावं आणि प्रत्यक्ष वर्गात किती मुलं हे एकाच वेळी सगळीकडे मोजलं. कित्येक ठिकाणी पट भरलेला आणि वर्ग रिकामा. तर डीएनए म्हणजे पट, आणि तुमचं मशीन म्हणजे वर्गात जाऊन डोकी मोजणं. बरोबर का?

मंजिष्ठा | मंगळवार, रात्री १०:२०

गुरुजी, तुमची परवानगी असेल तर हे मी पुढच्या लेक्चरला वापरणार. अगदी बरोबर आहे. माणसाच्या पटावर प्रोटीन बनवणारे साधारण २०,००० जीन्स, यकृताच्या पेशीचा पट आणि डोळ्यातल्या पेशीचा पट तोच, पण एका प्रकारच्या पेशीत खोलवर शोधलं तर १०,००० च्या आसपास सापडतात आणि त्यातही काही लाखांनी असतात तर काही मोजकी.

त्यात एक भर घालते. मूल वर्गात आहे पण झोपलंय की फळ्याकडे बघतंय हेही लागतं ना. प्रोटीनवर फॉस्फेटचा छोटा गट चिकटला की बऱ्याचदा ते चालू किंवा बंद होतं, आणि तो चिकटला की वजन ८० ने (हायड्रोजनचा अणू साधारण १ धरून) वाढतं, हे मास स्पेकला दिसतं, डीएनएत किंवा आरएनएत (डीएनएवरून निघणारा, प्रोटीन बनवायचा निरोप) हे कुठेच लिहिलेलं नसतं. याप केंद्रकाबाहेर अडकून राहतं त्यातही हे फॉस्फेट आहेच.

त्र्यंबक_७१ | बुधवार, सकाळी ११:४०

लेख चांगला आहे पण थोडं एकतर्फी वाटलं. आता सिंगल सेल आरएनए सिक्वेन्सिंग आहे, एका हृदयाच्या हजारो पेशी एकेक करून बघता येतात, कुठली पेशी विभाजनाकडे चाललीय हे सरळ दिसतं. तुमच्या मास स्पेकला हृदय वाटून त्याचा लगदा करावा लागतो, मग कुठलं प्रोटीन कुठल्या पेशीचं हे कसं कळणार? रीजनरेशनमध्ये तर शंभरातल्या दोनच पेशी महत्त्वाच्या असतात.

मंजिष्ठा | बुधवार, दुपारी १:१०

त्र्यंबक, मुद्दा मान्य आहे, पूर्णपणे. डीएनए आरएनए थोडं असलं तरी पीसीआरने कोटीपट करून घेता येतं, प्रोटीनची झेरॉक्स निघत नाही. एका पेशीत एकूण प्रोटीन काहीशे पिकोग्रॅम (एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग), जेवढं हातात आलं तेवढंच मशीनला द्यायचं, वाटेत नळीला चिकटलं की गेलं. २०१८ पासून एकेका पेशीचं प्रोटीन मोजणं जमायला लागलंय आणि आता एका पेशीतून हजाराच्या वर प्रोटीन्स दिसतात, पण आरएनएवाल्यांच्या संख्येशी अजून बरोबरी नाही.

पण आरएनए बघून प्रोटीनचा अंदाज करण्यात धोका आहे तो सांगते. २०११ मध्ये बर्लिनच्या एका गटाने उंदराच्या पेशींत दोन्ही एकत्र मोजलं, एमआरएनएचं, म्हणजे त्या निरोपाचं, सरासरी अर्धं आयुष्य (असलेल्यातलं निम्मं संपायला लागणारा वेळ) ९ तास निघालं आणि प्रोटीनचं ४६ तास. म्हणजे निरोप फाटून गेला तरी माल दोन दिवस आहेच, आणि उलट निरोप आला तरी माल बनलेला नसतो. आणि मॅट्रिक्सचं तर विचारूच नका. माणसाच्या कूर्चेतल्या कोलॅजनचं अर्धं आयुष्य ११७ वर्षं काढलंय. तरुणपणी बनलं ते जन्मभर. त्या पेशीचा आजचा आरएनए बघून तिच्याभोवती काय आहे हे कसं कळणार? अग्रिन सापडलं ते म्हणूनच, त्यांनी पेशी धुऊन टाकल्या. अख्खं हृदय टाकलं असतं तर स्नायूतली मायोसिन, ॲक्टिन, मायटोकॉन्ड्रियाची प्रोटीन्स आणि राहिलेल्या रक्ताचं हिमोग्लोबिन यांच्या गर्दीत ते बुडून गेलं असतं. तुम्ही ज्याला लगदा म्हणताय त्यात काय घ्यायचं आणि काय धुवायचं यातच आमचं सगळं कसब आहे.

त्र्यंबक_७१ | बुधवार, दुपारी १:५५

हे पटलं. मॅट्रिक्सचा मुद्दा लक्षातच आला नव्हता. दोन्ही एकत्र हवं मग.

ओलीमाती | बुधवार, रात्री ११:३०

धागा उशिरा बघितला. मी जर्मनीत आयपीएस पेशींपासून हृदयपेशी बनवतो, मूळ सातारचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या त्वचेच्या पेशीत चार जीन्स घातले, त्यातून बनलेल्या चार प्रोटीन्सनी ती पेशी परत भ्रूणाच्या अवस्थेसारखी झाली, २०१२ चं नोबेल त्यांना आणि जॉन गर्डन यांना मिळालं. अशा (म्हणजेच आयपीएस) पेशींना योग्य दिवशी योग्य रसायनं दिली की आठ-दहा दिवसांत डिशमध्ये धडधडायला लागतात, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी रात्री साडेदहाला आईला व्हिडिओ कॉल करून मायक्रोस्कोपचा स्क्रीन दाखवला होता, तिकडे दोन वाजले होते पण ती बघत बसली.

पण धडधडते म्हणजे ती मोठ्या माणसाची हृदयपेशी झाली का, तर नाही, आणि हे प्रोटीनवरूनच कळतं. अटॅकची शंका आली की कॅज्युअल्टीत ट्रोपोनिन टेस्ट करतात ना, ते हृदयाचं ट्रोपोनिन आय बऱ्याच ठिकाणी बघतात. पोटातल्या बाळाच्या हृदयात मात्र या ट्रोपोनिन आयचा दुसरा प्रकार असतो, जो मोठेपणी हाडाच्या संथ स्नायूंत सापडतो, आणि जन्मानंतर हळूहळू तो जाऊन हृदयाचा प्रकार येतो. आमच्या डिशमधल्या पेशी कित्येक महिने ठेवल्या तरी बाळाचाच प्रकार जास्त धरून बसतात. सात ॲक्टिनमागे एक ट्रोपोनिन आय असं ठरलेलं असतं, त्यामुळे दोन प्रकारांचं एकमेकांशी प्रमाण काढलं की डिशमध्ये पेशी किती होत्या यावर ते अवलंबून राहत नाही, ती किती मोठी झालीय याचं सरळ मोजमाप मिळतं.

आणि याने फरक पडतो. २०१४ मध्ये अमेरिकेत भ्रूणाच्या स्टेम सेल्सपासून बनवलेल्या १०० कोटी हृदयपेशी माकडांच्या इजा झालेल्या हृदयात सोडल्या होत्या. पेशी जगल्या, मूळ स्नायूशी जुळून एका तालात आकुंचन पावायला लागल्या, किती मोठी गोष्ट आहे ही. पण माकडांच्या हृदयाचे ठोके काही काळ अनियमित झाले. अर्धवट वाढलेल्या पेशी स्वतःहून ठोके देत राहतात हे त्यामागचं एक कारण मानतात. म्हणून आम्ही प्रत्येक बॅचचं प्रोटीन बघतो, नाहीतर रोज छान धडधडणाऱ्या पेशी बघून माणूस फसतो.

गंधाली_र | गुरुवार, सकाळी १०:१०

सगळ्यांचं वाचतेय, खूप काही कळलं. मला थोडी मदत हवीय. आईचे गुडघे पाच-सहा वर्षं दुखतायत, वय ६८. एका क्लिनिकमध्ये गेलो होतो (नाव लिहीत नाही), त्यांनी सांगितलं स्टेम सेलचं इंजेक्शन द्या, तीन वेळा, कूर्चा परत तयार होते, ऑपरेशन टळेल. तीन इंजेक्शनचे मिळून पावणेतीन लाख. आईने एफडी मोडायची तयारी केलीय. मी विचारलं बाटलीत नक्की काय असतं तर म्हणाले तुमच्याच पेशी आणि ग्रोथ फॅक्टर, सगळं नैसर्गिक. रिपोर्ट वगैरे मागितला तर जरा रागावलेच. काय विचारायला हवं होतं मी?

मंजिष्ठा | गुरुवार, दुपारी १२:४५

गंधाली, तू विचारलंस ते अगदी योग्य विचारलंस. आईंना काय द्यावं हे मी सांगू शकत नाही, ते हाडांच्या डॉक्टरांनी तपासून सांगायचं, शक्यतो दोन वेगवेगळ्या. पण त्या बाटलीत काय असायला हवं आणि ते कसं कळतं हे सांगते.

चांगल्या कूर्चेत मुख्य कोलॅजन टाइप दोन असतं, त्यात ॲग्रेकन नावाचं पाणी धरून ठेवणारं मोठं प्रोटीन, म्हणून ती दाब सहन करते. जखम भरताना शरीर बहुतेक वेळा टाइप एक कोलॅजन टाकतं, ते कंडऱ्यांमधलं आणि व्रणांमधलं, दिसायला कूर्चेसारखंच पांढरं पण झिजतं लवकर. आणि एक्स रे मध्ये दोघांतलं काही दिसत नाही. कूर्चेच्याच पेशी प्लास्टिकच्या सपाट डिशमध्ये थोडे दिवस वाढवल्या तरी त्या टाइप दोन सोडून टाइप एक बनवायला लागतात, हे प्रयोगशाळेत फार जुनं माहीत असलेलं आहे. म्हणजे पेशी तुमच्याच असल्या तरी त्या आज काय बनवतायत हे बघितल्याशिवाय "कूर्चा तयार होते" असं म्हणायला आधार काय?

ग्रोथ फॅक्टरचंही (पेशींना वाढायचा इशारा देणाऱ्या प्रोटीन्सचंही) तसंच. १९९१ मध्ये ज्यांनी मेसेन्कायमल स्टेम सेल हे नाव रूढ केलं त्या अर्नोल्ड कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये लिहिलं की हे नाव बदला, शरीरात सोडल्यावर या पेशी मुख्यतः स्वतः कूर्चा किंवा स्नायू न होता आजूबाजूला प्रोटीन्स सोडून काम करतात. मग कुठली प्रोटीन्स सोडतात, किती, दर बॅचला सारखी का, हे मोजायलाच हवं ना. मी अशी सँपल्स चालवलीयत, एकाच प्रकारच्या पेशी, दोन माणसांच्या, आणि त्या सोडत असलेल्या प्रोटीन्सच्या याद्या बऱ्यापैकी वेगळ्या.

विचारायचं काय ते लिहून घे. हे ड्रग कंट्रोलरने मंजूर केलेलं उत्पादन आहे का, असेल तर कुठलं आणि कुठल्या आजारासाठी? नसेल तर ही सीटीआरआयवर (देशातल्या ट्रायल्सच्या अधिकृत नोंदवहीत) नोंदलेली ट्रायल आहे का, नंबर द्या. ट्रायल असेल तर पेशंटकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं नेटवर आहेत, रक्ताच्या आजारांसाठीचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट हे मान्य उपचार, बाकी मंजुरी नसेल तर फक्त ट्रायलमध्ये. एवढं विचारून कोणी रागावत असेल तर त्यांच्याकडे एफडी मोडून जाऊ नका, हे मात्र मी अगदी ठामपणे सांगते.

ओलीमाती | गुरुवार, दुपारी ३:०५

मंजिष्ठाशी पूर्ण सहमत. गंधाली, माझ्या मावशीच्या बाबतीत असंच झालं होतं, पैसेही गेले आणि दोन वर्षांनी गुडघा बदलावा लागलाच. आईंना नीट समजावून सांगा, त्यांना दुखतंय म्हणून त्या तयार होतायत, ते दुखणं खरं आहे.

कोरापाट | शुक्रवार, रात्री ९:३५

ताई, मी एमएस्सी बायोटेक सेकंड इयर, प्रोजेक्टला दातातल्या पल्पच्या स्टेम सेल्स काय सोडतात ते बघतोय. पहिला रन आला आणि रडायला आलं. सगळ्यात वर केराटिन, त्याखाली सीरम अल्ब्युमिन, आणि मला हवी ती ग्रोथ फॅक्टर्स कुठेच नाहीत. गाइड म्हणतात सँपल परत बनव. काय चुकलं असेल? आणि कोलॅजन पण अगदी कमी दिसतंय, असायला हवं होतं.

मंजिष्ठा | शुक्रवार, रात्री ११:१५

कोरापाट, रडू नकोस, पहिला रन माझाही असाच आला होता, सगळ्यांचाच येतो.

केराटिन म्हणजे तूच आहेस, तुझी त्वचा, केस, कोंडा, आणि लोकरीचा स्वेटर घातला असशील तर मेंढीही. ट्रिप्सिन टाकायच्या आधी आणि नंतर सगळं लॅमिनार हूडमध्ये कर, बाहीवर ग्लव्ह ओढून घे, ट्यूबची झाकणं उघडी ठेवू नकोस, जेल कापत असशील तर काचेची प्लेट आधी नीट धू आणि उघड्या बाकावर कापू नकोस.

अल्ब्युमिन कुणाचं आहे ते बघ, माणसाचं का गाईचं. गाईचं असणार. मीडियममध्ये १० टक्के गाईच्या वासराचं सीरम घालतो आपण, पेशी सोडतात ते त्यापुढे नगण्य. फ्लास्क सीरम नसलेल्या मीडियमने तीन-चार वेळा धू, मग २४ तास सीरमशिवाय ठेवून ते मीडियम गोळा कर. पण तिथेही सांभाळ, सीरम काढलं की पेशी उपाशी राहतात, काही मरतात आणि त्यांच्या पोटातलं सगळं बाहेर सांडतं. यादीत जीएपीडीएच, लॅक्टेट डिहायड्रोजिनेज अशी पेशीच्या आतली प्रोटीन्स वर आली तर समज की तू सोडलेली नाही, सांडलेली प्रोटीन्स मोजतोयस. सेंट्रीफ्यूज करून पेशी आणि कचरा आधी खाली बसव, वरचंच घे.

कोलॅजनचं कारण वेगळं असू शकतं. कोलॅजनमधल्या बऱ्याच प्रोलिनवर एक ऑक्सिजन जोडलेला असतो, वजन १६ ने वाढतं. सर्च लावताना तू प्रोलिनचं ऑक्सिडेशन टिक केलंस का? नसेल केलं तर तुकडे आहेत पण कॉम्प्युटरला ओळखता येत नाहीयेत. सँपल न बनवता तेवढं बदलून आजच परत सर्च लाव. आणि दुसरं, हा ऑक्सिजन जोडायला व्हिटॅमिन सी लागतं, ते नसेल तर कोलॅजन नीट बनतच नाही, स्कर्व्ही होतो तो यामुळेच. तुझ्या मीडियममध्ये ॲस्कॉर्बिक ॲसिड आहे का ते बघ.

शिकायला आयआयटी मुंबईला मास स्पेकची मोठी सुविधा आहे आणि तिथले प्रोटिओमिक्सचे कोर्स ऑनलाइनही असतात. पुण्यात असशील तर एनसीसीएसमध्ये (पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) पेशींबद्दल विचारायला माणसं आहेत. आघारकर संशोधन संस्थेत झेब्राफिशवर काम चालतं, त्यांनी २०२३ मध्ये मणक्यांमधली चकती परत भरून आणणाऱ्या एका प्रोटीनबद्दल प्रसिद्ध केलंय, सीसीएन२ए, तेही पेशींनी बाहेर सोडलेलंच प्रोटीन आहे, तुझ्या विषयाला जवळचं. तो पेपर नक्की वाच.

गंधाली_र | रविवार, सकाळी ९:५०

ताई, क्लिनिकला फोन करून तुम्ही सांगितलेले प्रश्न विचारले. सीटीआरआय नंबर नाही म्हणाले, मंजुरीचं विचारल्यावर परत फोन करतो म्हणाले, तीन दिवस झाले, फोन नाही. काल आईला दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी सहा आठवडे फिजिओ आणि वजन चार किलो कमी करायला सांगितलंय, मग बघू म्हणाले. एफडी तशीच आहे. आई तुम्हाला आशीर्वाद देतेय.

कोरापाट | रविवार, रात्री १०:४०

ताई! प्रोलिन टिक करून परत सर्च लावला, तोच जुना रन, आणि कोलॅजन टाइप एकच्या दोन्ही साखळ्या वर आल्या, आधी ६ तुकडे जुळले होते ते ४१ झाले. ॲस्कॉर्बिक ॲसिड मीडियममध्ये नव्हतं, उद्या घालतो. फ्लास्क चार वेळा धुतले, २४ तासांचं मीडियम मंगळवारी गोळा करणार, गुरुवारी रन मिळालाय. आलं की टाकतो इथे.